अर्जातला 'कधी'

महोदय,

गेल्या महिन्यात पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घ्यायचं ठरलं. गृहकर्जासोबतच्या विम्याच्या अर्जात रकाना होता : 'आपणास कधी कर्करोग झाला आहे का?' मी 'होय'वर खूण केली. माझे स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार 2014 मध्ये संपले. केमोत गेलेले केस वर्षभरात परत आले, मी कामावर रुजू झाले. तेव्हापासूनचे सगळे रिपोर्ट एका निळ्या फायलीत लावलेले आहेत, सगळे स्वच्छ. ती फाइल टेबलावर ठेवली, पण कोणी उघडलीसुद्धा नाही. चार दिवसांनी विमा नाकारल्याचा मेसेज आला.

एजंट आधीच म्हणाला होता, "ताई, लिहूच नका ना, कोण बघतंय?" पण उद्या मला काही झालं असतं, तर माहिती लपवली म्हणून दावा फेटाळला असता आणि कर्जाचे हप्ते माझ्या लेकीच्या गळ्यात पडले असते. खरं सांगणाऱ्यालाच शिक्षा, हा कुठला न्याय?

विमा कंपनीने जोखीम जरूर मोजावी. पण 'कधी' या शब्दात मोजमाप कुठे आहे? मागच्या वर्षीचा आजार आणि दहा वर्षांपूर्वी बरा झालेला आजार त्यात एकच ठरतो.

फ्रान्सने यावर 2016 मध्ये कायदा केला. उपचार संपून ठरावीक वर्षं लोटली आणि आजार उलटला नाही, तर कर्जाच्या विम्यासाठी तो सांगावाच लागत नाही. आधी दहा वर्षांची अट होती, 2022 मध्ये ती पाचवर आणली. इटलीने 2023 मध्ये असाच कायदा करताना नोकरी आणि मूल दत्तक घेण्याचाही विचार केला.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने नोकरी, शिक्षण, विमा यांतल्या भेदभावाला मनाई केली. विमा नाकारायचा तर आकडेवारीचा आधार दाखवावा लागतो. कर्करोगातून बऱ्या झालेल्यांना असं संरक्षण देणारा कायदा नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही आम्ही बसत नाही.

नाशिकच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा, ही कळकळीची विनंती. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर विमा नियामकाने अर्जातला 'कधी' काढून तिथे 'गेल्या पाच वर्षांत' एवढं तरी छापायला लावावं.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक