रोजगार हमी कराची ती एक ओळ

ति. अण्णांस,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र उघडच लिहितेय. आपल्या सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावांतून माझ्यासारखी घरपट्टीची नोटीस हातात धरून बसलेली पुष्कळ माणसं आहेत, आणि प्रत्येकाला एसटीत शेजारच्या सीटवर करवसुलीत आयुष्य काढलेले तुम्ही भेटणार नाही.

आपण एसटीत भेटलो त्या सकाळी माझ्या पिशवीत डबा होता, आईच्या गोळ्यांची चिठ्ठी होती आणि नगरपालिकेची फेरआकारणीची नोटीस होती. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते. दिवसभर आकड्यांत असते, तरी तो कागद मला वाचता येईना. 1,840 रुपयांची घरपट्टी 7,310 झाली, एवढंच दिसत होतं. नोटीस वडिलांच्या नावाची. त्यांना जाऊन नऊ वर्षं झालीत. “घर जप्त करतील का गं?” असं आईनं आदल्या रात्री तीनदा विचारलं होतं.

तुम्ही एकूण रकमेकडे बघितलंच नाहीत. आकारणीच्या तक्त्यावर बोट ठेवून खाली खाली येत गेलात. मालमत्ता कर, वृक्ष कर, शिक्षण कर. रोजगार हमी करापाशी थांबलात. “ताई, राहत्या घराला शिक्षण कर लागतो. हा नाही लागत. हा बिगरनिवासी मिळकतीचा. तुमच्या घरात दुकान आहे का?”

दुकान नव्हतं. गिरणी होती. वडील आजारी पडल्यावर आईनं पुढच्या खोलीत पिठाची गिरणी घातली होती, ती गुडघे गेल्यावर बंद केली. जातं विकलं, पट्टा काढला, खोलीत आता आईची खाट आहे. नगरपालिकेच्या रजिस्टरात मात्र गिरणी चालूच होती, आणि मोजणीला आलेल्या पोरांनी दारावरची जुनी पाटी बघून तेच पुढं लिहिलं. एवढ्या एका ओळीवरून तुम्ही आमच्या घराचा इतिहास ओळखलात. मोहोळ मागं पडेपर्यंत मी तुमच्याकडं नुसती बघत होते.

मग त्याच रविवारी सोलापूरच्या पूर्व भागात तुमच्या घरी आले. नोटिशीतल्या 30 दिवसांतले 11 गेले होते. तुम्ही स्टीलची मोजटेप हातात दिलीत आणि म्हणालात, रडगाणं लिहू नका, माप लिहा. “गरीब आहोत, कर कमी करा” या अर्जाला उत्तर नसतं. “तुमच्या तक्त्यात आरसीसी लिहिलंय, आमचं घर माळवदाचं, मातीच्या छताचं आहे” या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं. मातीचं, पत्र्याचं, दगड-विटांचं, आरसीसी, प्रत्येकाचा दर वेगळा. बांधकाम किती जुनं तेही बघतात. त्यावरून वार्षिक भाडेमूल्य, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, मग करयोग्य मूल्य. हे सगळं तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवलंत. ते पान मी जपून ठेवलंय.

माप घेतलं तर त्यांच्या तक्त्यातले 74 चौरस मीटर भरेनात. उघडं अंगण त्यांनी बांधकामात धरलं होतं. खरं घर 58 भरलं. पण परड्यात आम्ही नंतर घातलेली 6 चौरस मीटरची पत्र्याची खोली त्यांच्या कागदावर नव्हती. ती सांगायची नाही असं माझ्या मनात होतं, तुम्हाला बोललेही. तुम्ही जरा कडक आवाजात म्हणालात, “तीपण लिहा की.” जकात गेल्यापासून घरपट्टी आणि पाणीपट्टी सोडली तर गावाचं स्वतःचं असं उत्पन्न किती उरलं, गटार साफ करणाऱ्याचा पगार कुठून निघतो, हे तुम्ही आयुष्यभर करवसुलीत बसून पाहिलेलं. आम्ही 64 लिहिले. मला त्या दिवशी लाज वाटली, आणि नंतर सुनावणीत त्या 6 मीटरचाच आधार झाला.

नावाचं तर मी विचारलंही नव्हतं. वारस म्हणून भावाचं नाव लावून टाकू, असं घरात ठरलेलं. तुम्ही विचारलंत, “आईचं? तुमचं?” 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलगा, मुलगी तिघंही पहिल्या वर्गाचे वारस आहेत, हे तुम्ही माझ्या भावाला फोनवर इतक्या शांतपणे सांगितलंत की त्याला वाईट वाटलं नाही. आणि मलाही हुरळून जाऊ दिलं नाहीत: नगरपालिकेचा उतारा हा करापुरता, त्यावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, सिटी सर्व्हेत जाऊन प्रॉपर्टी कार्डाला वेगळी वारस नोंद करा. तो अर्जही दिलाय.

हरकत द्यायला गेले तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, ठेवून जा, बघतो. तुमचे शब्द आठवले: आवक क्रमांक पडल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही. पाऊण तास उभी राहिले. दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडला, तारीख पडली. हरकत दिली म्हणून भरणा थांबवू नका, थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, असंही तुम्ही सांगितलं होतंत. त्यामुळं जुन्या दरानं होणारी रक्कम त्याच दिवशी भरून पावती घेतली.

सुनावणीला नगररचनाचे अधिकारी होते. माळवदाचे फोटो, गिरणीचं थ्री-फेज कनेक्शन बंद केल्याची पावती, मापाचा कागद. ते पत्र्याच्या खोलीपाशी थांबले. “ही आमच्याकडं नाही, तुम्हीच दाखवलीत?” होय म्हटलं. त्यानंतर बाकीच्या मापांवर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

दुरुस्त आकारणी 2,420 ची आली. रोजगार हमी कराच्या ओळीत शून्य आहे. नाव आईचं, भावाचं आणि माझं. आईला अक्षरं लागत नाहीत हल्ली, तिनं ते मला दोनदा वाचायला लावलं आणि कागद उशीखाली ठेवला.

गल्लीतल्या बऱ्याच जणांनी मुदतीत हरकती दिल्या होत्या. बुधवारी त्यातल्या चौघांची सुनावणी आहे. एका आजींचं घर दुमजली लागलंय, वर फक्त कबुतरांचा खुराडा आहे. सोमवारी संध्याकाळी आम्ही मापं घेणार आहोत, म्हणून तुमची टेप अजून माझ्याकडंच ठेवलीय. बुधवार झाला की आणून देते.

तुमची,
एसटीतली ताई