लेण्यांच्या छायाचित्रांतली दुधाळ कडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत आपण लेण्यांची छायाचित्रे आवर्जून छापता, त्याबद्दल आभार. मात्र त्यांतल्या बऱ्याच चित्रांत चैत्यगवाक्षाभोवती (दर्शनी भागातल्या नालाकृती खिडकीभोवती) दुधाळ कडा दिसते आणि काळा पाषाण जांभळट. दोष कॅमेऱ्याचा नाही, ‘एचडीआर’च्या, म्हणजे उजेड-अंधार एकाच चित्रात बसवणाऱ्या, तयार बटणाचा आहे.

कार्ल्याचा चैत्य घ्या. त्याचे तोंड पश्चिमेला. दुपारनंतर गवाक्षातून झगझगीत उजेड येतो, पण छताच्या लाकडी फासळ्या काळोखातच राहतात. एका फ्रेममध्ये दोन्ही मावत नाहीत. एफ/८ (भिंगाचे छिद्र), आयएसओ (संवेदनक्षमता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) कायम ठेवून फक्त शटरचा वेळ बदलत पाच फ्रेम घ्याव्यात: १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद. सर्वांत गडद फ्रेममध्ये बाहेरचे आकाश जळालेले नसावे, सर्वांत उजळ फ्रेममध्ये फासळ्या मोजता याव्यात. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती नसेल तर कॅमेरा पिशवीवर टेकवून टायमर लावावा.

रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची नोंद) १६ बिट टिफ या चित्रप्रकारात उतरवताना ‘ऑटो’ उजेड बंद हवा, नाहीतर पाचही फ्रेम सारख्याच उजळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. मग ‘ह्युगिन’ या संगणक-प्रणालीसोबत येणाऱ्या ‘अलाइन इमेज स्टॅक’ने फ्रेम जुळवाव्यात आणि ‘एन्फ्यूज’ने मिसळाव्यात. दोन्ही मोफत आहेत. एन्फ्यूजमागे मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेली पद्धत आहे: जो पिक्सेल मध्यम उजेडाच्या जवळ, त्याचे वजन जास्त. बारीक तपशील आणि मोठे उजेड-सावलीचे पट्टे वेगवेगळ्या थरांत मिसळले जातात, म्हणून सांधा दिसत नाही.

एन्फ्यूजमध्ये सॅच्युरेशनचे (रंगाच्या गडदपणाचे) वजन मुळात ०.२ असते, दगडासाठी ते ० करावे. करड्या दगडात रंग जवळपास नसतोच. मग गवाक्षाच्या कडेला भिंगाने आणलेली जांभळी रेघच ‘जास्त रंगीत’ म्हणून निवडली जाते. चालती माणसे एन्फ्यूज पुसत नाही, ती अर्धपारदर्शक उरतात. गर्दीत हा खटाटोप नकोच. निकाल किंचित सपाट येतो, कर्व्हने (उजेड-सावलीतला फरक बदलणाऱ्या साधनाने) थोडा उठाव द्यावा. फासळ्यांचा काळोख मात्र काळोखच राहू द्यावा, आत गेल्यावर तो तसाच दिसतो.

आपणास एक विनंती: अशा छायाचित्राखाली ‘पाच एक्स्पोजर एकत्र’ एवढी ओळ छापावी. लेणे प्रत्यक्ष न पाहिलेला वाचक आतला उजेड त्या चित्रावरूनच ठरवतो.

आपला,
एक नियमित वाचक, लोणावळा