प्लास्टर-रूममधल्या मामांना

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये आभाराची कार्डं लावलेली दिसतात. तुमच्या प्लास्टर-रूमच्या भिंतीवर मात्र नुसते पांढरे शिंतोडे. तिथे कुणी कार्ड लावलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि लावलं असतं तरी चार दिवसांत त्याच्यावरही शिंतोडे उडाले असते. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण यातली निम्मी माहिती इतर आईबापांच्या उपयोगाची आहे आणि ती सगळी तुमची आहे.

ज्यांना आमची गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या लेकीचा उजवा पाय जन्मतःच आत वळलेला होता. याला क्लबफूट म्हणतात आणि साधारण हजारात एखाद्या बाळाला तो असतो. इग्नासिओ पॉन्सेटी नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 1940च्या दशकाच्या शेवटी बसवलेली पद्धत आज जगभर वापरतात. पाऊल हलक्या हाताने थोडं वळवायचं, ते तसंच धरून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, आठवड्याने ते काढून आणखी थोडं वळवायचं. बहुतेक बाळांना अशी पाच-सहा प्लास्टरं लागतात. मग टाच खाली यावी म्हणून टाचेमागच्या कंडरेला (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीला) छोटासा छेद देतात आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर घालतात. पुढे दांडीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर झोपेपुरते, ते मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत.

पाय डॉक्टर धरत, पण गुंडाळणारे हात तुमचे. मुलगी रडून लाल झालेली असताना तिला "राणीसरकार" म्हणत, पट्टीचा एकेक वेढा न ओढता बसवत जायचात. त्याचे आभार मानायला गेले तर तुम्ही "ते माझं कामच आहे" म्हणून उडवून लावाल. म्हणून त्याचे मानत नाही. जे तुमचं काम नव्हतं, त्याचे मानते.

जन्मानंतर बाळाच्या पावलांचा शाईचा ठसा घेतात ना, तो आमच्याकडे फक्त डाव्या पायाचा आहे. उजवा तळवा कागदाला टेकतच नव्हता. बूट सुरू झाल्यावर मी तुम्हाला सहज विचारलं की आता दोन्ही पायांचे ठसे तुमच्या प्लास्टरमध्ये घेता येतील का. तुम्ही पट्टी भिजवता भिजवता मान वर न करता म्हणालात, "पाय प्लास्टरमध्ये नाही घालायचा. पाय वाळूत घालायचा, आणि प्लास्टर वाळूत."

मला ते कोड्यासारखं वाटलं. रोज बाळांच्या पायांना प्लास्टर घालणारा माणूस असं का म्हणतो? तुम्ही समजावलंत. प्लास्टर वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याचा संयोग होतो आणि त्यात उष्णता सुटते. पायावरची पट्टी पातळ असते, खाली कापूस असतो, ऊब निघून जाते. जाड गोळ्यात मात्र ती आतच कोंडते आणि कातडी भाजण्याइतकी चढू शकते. शिवाय गोळा घट्ट झाला की आतला हात किंवा पाय निघत नाही. मी नंतर वाचलं, 2007 साली इंग्लंडमधल्या एका शाळेत एका मुलीने स्वतःच्या हातांचा साचा करायला प्लास्टरच्या बादलीत हात घातले आणि तिची बहुतेक बोटं गेली. बाळाचा हात-पाय थेट प्लास्टरमध्ये घालून काढलेले फोटो हौसेने दाखवणारे लोक पाहिले की आता माझा जीव वरखाली होतो.

तर वाळू. सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा आम्ही बारीक वाळू चाळून, धुऊन ठेवली होती. समुद्राची असेल तर दोन-तीनदा धुवा असं तुम्ही बजावलं होतंत, कारण मिठाने प्लास्टर भराभर घट्ट होतं आणि पुढे त्यावर पांढरी पूड येत राहते. तुम्ही कोमट पाणी शिंपडत वाळू कालवलीत आणि मूठ आवळून पाहिलीत. गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. ओल कमी असेल तर कडा ढासळतात, जास्त झाली तर ठसा मिटत जातो. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा जो पातळ थर असतो तोच त्यांना धरून ठेवतो. कोमट पाणी कशाला, तर गार वाळू लागली की बाळ पाय आखडून घेतं.

दिवसातला बूट नसलेला एक तास हाताशी होता. त्यातच अंघोळ, मालिश आणि हा उद्योग.

हाताचा ठसा मला हवा होता, तो तुम्ही सरळ रद्द केलात. या वयात तळहाताला काही लागलं की मूठ मिटते, वाळूचा नुसता खड्डा होईल आणि मूठभर वाळू तोंडात जाईल. आणखी काही महिने थांबा म्हणालात. पावलाचंही तसंच असतं हे मला माहीत नव्हतं. चवड्याला दाब लागला की बोटं आत मुडपतात. पण तुमच्याकडे त्यावर युक्ती होती. टाचेपासून तळव्याच्या बाहेरच्या कडेने तुम्ही अंगठ्याने हलकीशी रेघ ओढलीत आणि तिची पाचही बोटं पंख्यासारखी उघडली. त्या क्षणात टाच टेकवलीत, मग बाहेरची कड, मग चवडा, आणि शेवटी एकेका बोटाला वरून जरासा दाब. पाय सरळ वर उचललात. राणीसरकार तोंडातल्या मुठीवरून तुमच्याकडे बघत होत्या.

आता ज्यासाठी खरं हे पत्र आहे ते सांगते. घरात मत पडलं होतं की दोन पायांचे ठसे दोन वेगळ्या परातींत घ्यावेत. कारण कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. उजवं पाऊल डाव्यापेक्षा थोडं आखूड आहे, पोटरीही बारीक आहे, आणि हा फरक उपचार उत्तम होऊनही थोडा राहतोच. वेगळे ठसे वेगळ्या भिंतींवर लावले की कोण मोजायला जातंय? तुम्ही काही न बोलता एकाच परातीत, एकाच ओळीत, दोन्ही पावलं उमटवलीत. उजव्या टाचेपाशी वाळू जरा फुगली होती, ती कुणीतरी चमच्याने सारखी करायला गेलं. तुम्ही हात धरलात. "राहू द्या. तिची टाच तिथवर आली, त्यासाठी केवढं केलंय आपण."

मामा, "तुम्ही" नव्हे, "आपण" म्हणालात.

उरलेलं सगळं ओघाने झालं, पण विचारणाऱ्यांसाठी लिहिते. बाळाला दुसऱ्या खोलीत नेलं, कारण पावडर उडते. तुम्ही स्वतः तोंडाला मास्क लावलात. पाण्यात पावडर भुरभुरवायची, पावडरीत पाणी ओतायचं नाही. नाहीतर गुठळ्या होतात. साधारण दोन वाट्या पावडरीला एक वाटी पाणी. मिनिटभर भिजू द्यायची, मग बुडबुडे होऊ न देता सावकाश ढवळायची. ओतताना धार चमच्याच्या पाठीवर घ्यायची, म्हणजे बोटांचे ठसे फुटत नाहीत. अर्धी जाडी ओतून झाल्यावर तुम्ही खिशातून बँडेजच्या जाळीचा तुकडा काढून त्यावर पसरलात आणि वरून उरलेलं ओतलंत. "आता पडलं तरी तुकडे होणार नाहीत." हे कुठल्याच तयार किटमध्ये लिहिलेलं नसतं! तारीख मी वाळूतच कोरणार होते, तर म्हणालात, उलटी उमटेल. पाठीमागून, मऊ असताना, काडीने लिहा. बादली मोरीत धुऊ दिली नाहीत. पाण्याखालीसुद्धा प्लास्टर घट्ट होतं आणि पाइप तुंबतो. बादलीतलं तसंच घट्ट झाल्यावर फोडून कचऱ्यात.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो तुकडा उचलून जुन्या टूथब्रशने वाळू झाडली. वाळूत खड्डा होता आणि हातात फुगीर पाऊल आलं: गोल टाच, वाटाण्याएवढी बोटं, मध्ये कमान नाहीच. (तान्ह्या बाळाचे तळवे चरबीने भरलेले असतात, कमान पुढे काही वर्षांत दिसू लागते. हे आधी कळलं असतं तर एका रात्रीची झोप वाचली असती.) वाळूमुळे पृष्ठभाग खरखरीत आहे, कातडीच्या रेषा त्यात आल्या नाहीत. त्या हव्या असतील त्यांनी शाईच वापरावी. पण शाईत जाडी येत नाही, आणि आमच्या टाचेची सगळी गोष्ट जाडीत आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिस जिप्सम तापवून करतात आणि पाणी घातलं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं, हे तुमच्यामुळे कळलं. मग वाचता वाचता अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं व्हाइट सँड्स सापडलं. तिथे जिप्समच्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्या आहेत, आणि शेजारच्या आटलेल्या तळ्याच्या गाळात माणसांची जुनी पावलं. 2020 साली संशोधकांनी तिथल्या एका माणसाच्या दीड किलोमीटर लांब वाटेबद्दल लिहिलं. ती 10,000 वर्षांहून जुनी आहे. त्या वाटेत मध्येच एका लहान मुलाची पावलं उमटतात आणि नाहीशी होतात. मोठ्या माणसाने मुलाला खाली ठेवलं, पुन्हा उचललं. कडेवर मूल घेऊन तुमच्याकडे फेऱ्या मारणाऱ्या मला यात नवल वाटायला नको होतं, तरी ते पान मी बराच वेळ उघडं ठेवलं.

ठसा दिवाणखान्यात आहे, दाराशेजारी. येणारा प्रत्येक जण विचारतो की एक पाऊल लहान कसं. मग मी सांगते, आणि सांगताना तुमचं नाव येतं. विचारणाऱ्यांपैकी एका जोडप्याच्या बाळाची प्लास्टरं नुकतीच सुरू झाली आहेत. त्यांना तुमच्याकडे धाडलं आहे, सुट्टीचा दिवस तुमच्या सोयीने सांगा.

आणि आता मूठ उघडते तिची, तेव्हा हाताचा ठसा घ्यायचाच आहे. मागची पावडर डब्यात उरली आहे, पण पावसाळ्यात तिने ओल धरली असणार, आणि ओल धरलेली पावडर नीट घट्ट होत नाही हे तुम्हीच सांगितलंत. नवी आणून ठेवते. जाळीचा तुकडा तेवढा तुम्ही आणा.

तुमची,
राणीसरकारांची आई