भाकऱ्या थापणारी आत्या 'लाभार्थी' कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत स्वयंसेवेवरच्या संशोधनाचा पानभर लेख वाचला. माणसं मदतीला का धावतात, याची सहा कारणं लेखकमहाशयांनी मोजून दिली आहेत. १९९८ च्या त्या अमेरिकी प्रश्नावलीतली. ३० विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. अभ्यास मोठा असेलही. पण हीच प्रश्नावली मी आमच्या आत्याच्या ओसरीवर उघडलेली पाहिली आहे, म्हणून हे पत्र.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जन आटोपून माणसं नुकती आडवी झाली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि सास्तूरला आत्याचं माळवद खाली आलं. त्यात तिचा दीर गेला. तिसऱ्या दिवशी उमरग्याहून पिठाचं पोतं आलं, तशी ही बाई तीन दगड मांडून भाकरी थापायला बसली. पावसानं सरपण ओलं, धुरानं डोळे लालभडक. मी तेव्हा एनएसएसचा, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचा पोरगा. नाकाला रुमाल बांधून आम्ही ढिगारे उपसायचो आणि दोन्ही वेळा तिच्याच पुढ्यात जेवायला बसायचो. शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग मात्र रस्त्याकडेला भिजत पडले होते. त्यात एक टायही होता, हे मी शपथेवर सांगतो.

दहा वर्षांनी एक संशोधक आले. माणूस नम्र. ''आजी, स्वयंसेवेमुळे बायोडेटा चांगला दिसतो. एक ते सातमध्ये किती गुण द्याल?'' आत्या माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग त्यांनी विचारलं, ''कोणत्या संस्थेतर्फे काम केलंत?'' ती म्हणाली, ''संस्था कसली बाबा, म्या हितलीच की.'' तो रकाना कोरा राहिला आणि तिची नोंद 'लाभार्थी' म्हणून झाली. माझ्याकडे बॅज होता, म्हणून मी 'स्वयंसेवक'. तिच्या भाकरी खाऊन! अहवाल पाठवतो म्हणाले होते. आत्या २०१४ ला गेली. अहवाल वाटेत असावा.

जगातली सुमारे ७० टक्के स्वयंसेवा कुठल्याही संस्थेशिवाय, आपसांत होते, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्याच २०१८ च्या अहवालात आहे. आपल्या लेखकांनी तो पाहिला नाही, की पाहून बाजूला ठेवला? पानभर मजकुरात गावातल्या एकाही माणसाला जागा नाही. सगळे बाहेरून आलेले, पाठीवर सॅक घेतलेले.

बरं, जिथं सरकारी शिक्का आहे तिथं 'स्वयंसेवक' हाच शब्द उलटा फिरतो. गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई सरकारच्या कागदावर 'स्वयंसेविका', म्हणजे पगाराचा प्रश्नच मिटला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला, टाळ्या झाल्या. माझी सून आशा आहे. रात्री दोनला बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात गेली, तरी मोबदला कामागणिक. तिला त्या सहांपैकी कुठलं कारण लावायचं, ते लेखकांनी कळवावं. अर्थात, सवडीनं.

जाता जाता, लेखातल्या फोटोखाली आपण 'सास्तूर, जि. लातूर' छापलं आहे. लातूर जिल्ह्यात किल्लारी. सास्तूर धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत. दुरुस्ती छापावी, आणि ती शेवटच्या पानावर राशिभविष्याखाली नको.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, उमरगा