विमानाची 'पाऊण तासाची' चौकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगावच्या विमानसेवेची बातमी आली, की शेजारी एक चौकट हमखास असते: 'मुंबई फक्त पाऊण तासात'. मी भूगोल शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हा आकडा येतो कुठून ते चटकन कळतं. दोन विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून हवेतलं सरळ अंतर निघतं साधारण 355 किमी. (रेल्वेने मनमाड, नाशिक, कसारा करत हेच अंतर 420 किमी होतं.) त्याला एटीआर या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाच्या ताशी सुमारे 500 किमी वेगाने भागलं, की झाली चौकट तयार.

पण विमान तसं उडत नाही. इंजिन सुरू करून धावपट्टीपर्यंत जाणं, उंची गाठणं, उतरण्याआधी वेग कमी करणं, यातली बरीचशी मिनिटं त्या वेगाने जातच नाहीत. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की विमानाला हवेतच घिरट्या घालायला लावतात. म्हणून वेळापत्रकातला वेळ तासाच्या वर असतो, आणि तो जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा असतो. छापायचा तर तोच छापावा.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाने या पाऊण तासावर विसंबून मुंबईहून पुढचं परदेशी विमान पकडायचं ठरवलं. तिकिटं वेगवेगळी काढलेली. म्हणजे सामान आधी स्वतः ताब्यात घ्यायचं, मग टर्मिनल बदलायचं, रस्त्याने, मुंबईच्या वाहतुकीतून. वर परदेशी जायचं तर दोन-तीन तास आधी हजर राहायला सांगतात. जळगावचं विमान थोडंच उशिरा निघालं, पण पुढचं चुकलं. घरच्यांनी वर्षभर साठवलेले पैसे होते ते. मला त्याचं फार वाईट वाटलं.

मे महिन्यातली गोष्ट आणखी निराळी. आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि उड्डाणाला जास्त लांब धाव लागते; धावपट्टी पुरत नसेल तर वजन कमी करावं लागतं. खानदेशातल्या वाचकाला हे माहीत असायलाच हवं.

आणि प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. चोपड्याहून, रावेरहून गाडीने यायचे तास-दीड तास, चेक-इनचं काउंटर पाऊण ते एक तास आधी बंद होतं म्हणून त्याआधी पोहोचणं, तिकडे उतरल्यावर टॅक्सी. नंदुरबारच्या माणसाने तर जळगाव धरावं की सुरत, हे याच हिशेबावर ठरवायचं असतं. एवढं धरूनही रात्रीच्या गाडीपेक्षा वेळ वाचतो, हे मी आनंदाने मान्य करतो. वयस्कर रुग्णांना तर हे विमान मोठाच आधार आहे. 2012 साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या विमानतळाने नियमित विमानाची 2017 च्या डिसेंबरापर्यंत वाट पाहिली, आणि तीही सेवा पुढे बंद पडली. आता सुरू झालेली टिकावी, असं मनापासून वाटतं. चुकीच्या अपेक्षेने आलेला प्रवासी एकदा पोळला की पुन्हा येत नाही.

तेव्हा यापुढच्या चौकटीत हवाई अंतरासोबत वेळापत्रकातला पूर्ण वेळ, काउंटर बंद होण्याची वेळ आणि मुंबईत कोणत्या टर्मिनलवर उतरायचं, एवढं तरी द्यावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, चोपडा