स्वाइप मशीन परत देऊ नका

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, स्वाइप मशीन परत देऊन टाकतो असं तुम्ही फोनवर म्हणालात. कृपा करून देऊ नका. गावातलं गिऱ्हाईक यूपीआय करतं हे खरं, पण चितारआळीत येऊन देव्हारा, रंगीत पाट किंवा गंजिफाचा संच घेणारे बाहेरगावचे लोक कार्डच पुढे करतात. मशीन चांगलं आहे. त्याला रेंज मिळत नाही, दुखणं एवढंच. भर पावसात मशीन हातात घेऊन तुम्ही रस्त्यावर जाता, त्या शेवाळलेल्या पायरीवरून, हे आईने सांगितल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

सध्या मशीन फक्त आतल्या सिमवर चालतं. आपलं दुकान चिऱ्याचं, भिंती हातभर जाड, आणि गल्ला अगदी मागच्या बाजूला. तिथपर्यंत रेंज जेमतेम पोचते. बॅटरी दुपारीच उतरते तीही त्यामुळेच, कारण रेंज कमी असली की टॉवर गाठायला मशीनला जास्त ताकद लावावी लागते. वरच्या माडीवर आपलं फायबरचं वायफाय आहे, मशीनमध्ये वायफायची सोय आहे, तरी बसवायला आलेल्या माणसाने ते जोडूनच दिलं नाही. याचा मला खरंच राग आला.

आई, हे काम तू कर. तुझा हात स्थिर आहे. मशीनच्या मेनूत कम्युनिकेशन असं लिहिलेलं दिसेल, त्यात वायफाय निवड. ऑपरेटर पासवर्ड मागितला तर तो बँकेच्या कागदावर आहे. मग मशीन आजूबाजूची नावं दाखवेल. आपल्या राउटरची नावं दोन आहेत, एकाच्या शेवटी 5जी आहे. ते मशीनला दिसणारच नाही, कारण आपलं मशीन 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतं. काळजीचं कारण नाही, उलट भिंतींतून हेच जास्त लांब येतं. त्या 5जीचा मोबाइलच्या 5जीशी काही संबंध नाही. साधं नाव निवड आणि पासवर्ड घाल. एकच बटण पुन्हापुन्हा दाबलं की अक्षर बदलतं, जुन्या मोबाइलसारखं. आपल्या पासवर्डमधलं पहिलं अक्षर कॅपिटल आहे, ते घालताना घाई करू नकोस. चुकलं तर पिवळं बटण, झालं की हिरवं. आयपी पत्त्याबद्दल विचारलं तर डीएचसीपी निवड, पत्ता राउटर आपण होऊन देतो. इतकं करूनही जोडलं जात नसेल तर मशीनवरची तारीख-वेळ बघ. ती चुकलेली असली तर बँकेच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होतच नाही, आणि आपण उगाच वायफायला दोष देत बसतो.

वायफाय पहिलं आणि सिम दुसरं, असा क्रम ठेवा. वायफाय पडलं की मशीन सिमवर गेलं पाहिजे. हे तपासायला राउटर बंद करा आणि आईच्या कार्डाने 1 रुपयाचा व्यवहार करून पाहा. झाला की सेटलमेंटच्या, म्हणजे दिवसाचा हिशेब बँकेकडे जाण्याच्या आधी, त्याच दिवशी, तो व्हॉइड म्हणजे रद्द करा. राउटर आणि फायबरची ती छोटी पांढरी डबी, दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. लाइट गेल्यावर एकच चालू राहिलं तर उपयोग नाही. शेजारच्यांचं किंवा कुठलंही उघडं वायफाय मशीनला जोडू नका. बाबा, तुमचं जुनं सिमही त्यात घालू नका. मशीनच्या सिमला बँकेच्या कंपनीने आपलं एपीएन, म्हणजे नेटवर जायची ठरलेली वाट, दिलेलं असतं, ती वाट दुसऱ्या सिमला माहीत नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मध्येच नेटवर्क गेलं, स्लिप आली नाही आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे कापल्याचा मेसेज आला, तर कार्ड लगेच पुन्हा घासू नका. आधी मेनूतून शेवटच्या व्यवहाराची स्लिप परत काढून बघा. तिथे तो व्यवहार मंजूर दिसला तर पैसे आलेच. दिसला नाही, तर गिऱ्हाइकाला धीराने सांगा की रिझर्व्ह बँकेचा 2019चा नियम आहे: अशी रक्कम व्यवहारानंतर 5 दिवसांत आपोआप परत जमा झाली पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये त्यांच्या बँकेने द्यायचे. बाबा, त्या दिवशी त्या बाई तुमच्यावर आवाज चढवून बोलल्या आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे दिलेत. तुमची काहीच चूक नव्हती. पैसे आपल्याकडे आलेच नव्हते. चाळीस वर्षं सचोटीने दुकान चालवणाऱ्या माणसाने असं मान खाली घालून उभं राहू नये, एवढ्यासाठीच हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

नेटवर्क अपडेट करायचं आहे, ओटीपी सांगा, असा फोन आला तर ठेवून द्या. मदत लागली तर मशीनच्या पाठीवरच्या स्टिकरवर नंबर आहे. शेजारीच टीआयडी, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, लिहिलाय, तो विचारतातच, म्हणून आधी वहीत उतरवून ठेवा.

रविवारी दुकान वाढवल्यावर व्हिडिओ कॉल करते, तेव्हा मशीन आणि चार्जर जवळ घेऊन बसा. आणि बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांगा, इथून पाठवते.

तुमची,
बाय