बॅटरीतल्या कोबाल्टला सेंद्रिय पर्याय

महोदय,

बॅटरीवरच्या गाड्यांची चर्चा किंमत आणि पल्ला यांभोवतीच फिरते. बॅटरीच्या आत काय भरले आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. अनेक लिथियम बॅटऱ्यांच्या धन इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे अधिक टोकाकडच्या भागात, कोबाल्ट हा धातू असतो. जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोतल्या खाणींतून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलेही राबतात. हे मनाला फार लागते.

यावर एक वाट आहे: कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन या मुबलक मूलद्रव्यांची सेंद्रिय संयुगे. बॅटरी वापरात असताना क्विनोनसारख्या सेंद्रिय रेणूंतला ऑक्सिजन लिथियमचे आयन (विद्युतभारित अणू) धरतो, चार्जिंगच्या वेळी सोडतो. वनस्पतींत आढळणाऱ्या इनॉसिटॉलपासून असा इलेक्ट्रोड बनवता येतो, हे फ्रान्समधील संशोधकांनी 2008 मध्येच दाखवले.

अडचणी खऱ्या आहेत. हे रेणू बॅटरीतल्या द्रवात विरघळतात, वीजही नीट वाहून नेत नाहीत. मात्र त्यांना पॉलिमरच्या, म्हणजे अनेक रेणू जोडून बनलेल्या, लांब साखळीत गुंफले की विरघळणे बरेच आटोक्यात येते. ते जागा जास्त व्यापतात हेही खरे, पण सौर व पवन ऊर्जेच्या साठवणुकीत जागेची अडचण गाडीइतकी नसते. मग सुरुवात तिथून का होऊ नये? संशोधनाचा निधी वाटणाऱ्यांनी याचा विचार करावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक